जिल्ह्याचं ठाणं

आमचे हे, म्हणजे लेम्युएल थॅक्री, व्हर्माँटहून आयोवात आले ते कायद्याची चार पुस्तकं आणि एक लंगडं घोडं घेऊन. गावोगाव फिरून वकिली केली, नाव कमावलं, आणि पुढे लोकांनीच मतं देऊन जज केलं. नदीकाठच्या हॅरो गावात आम्ही घर बांधलं. खिडक्यांच्या काचा सेंट लुईसहून बोटीने आणवल्या. त्या घरावर माझा फार जीव.

मग जिल्ह्याचं ठाणं हॅरोत की माळावरच्या एल्कनीत, यावर मतदान झालं. कोर्ट जिथे, तेच गाव टिकणार. आमचा दुकानदार ॲन्सेल पर्डम याने धक्क्याला लागलेल्या बोटीतल्या उतारूंना व्हिस्की पाजून मतं टाकायला लावली. मीही त्यांना पोटभर जेवू घातलं. लाज कसली? घर माझं होतं.

हॅरो जिंकलं. एल्कनीवाले त्या उपऱ्या मतांवरून कोर्टात गेले, यांच्याच पुढे, आणि दुसरा जज काही त्यांनी मागितला नाही. तेव्हाच आमच्या लोकांनी काय ते ओळखायला हवं होतं.

मी यांना स्पष्ट सांगितलं, एल्कनी जिंकलं तर हे घर कुणी फुकटही घेणार नाही आणि तुमची जजगिरीही जाईल.

"जाईल," हे म्हणाले. "पण कझाया, तू ज्यांना जेवू घातलंस ती माणसं इथली होती का?"

मी पातेलं आपटलं. निकाल एल्कनीच्या बाजूने लागला.

पुढच्या निवडणुकीत हे आपटले. हिवाळ्यात लोकांनी घरंच्या घरं ओंडक्यांवर चढवली आणि बैल जुंपून बर्फावरून एल्कनीला ओढत नेली. पहिलं पर्डमचं दुकान. आपणही जाऊ म्हटलं, तर हे हलेनात. तिथे जागा घेतली तर जागेसाठीच निकाल दिला म्हणतील, म्हणे. ओसाड गावात आम्ही दोघंच उरलो. मी यांच्याशी धड बोलेना.

बर्फ वितळल्यावर पर्डम दारात उभा. त्याच्या दुकानाखालच्या जमिनीवर कुणी हक्क सांगत होतं.

"एल्कनीतले वकील संपले का रे?" मी विचारलं.

"ढीगभर आहेत, बाई." त्याने हॅट काढली. "पण नवा जज ज्याचा शब्द खरा धरेल, असा एकच आहे. स्वतःचं गाव बुडवलं यांनी. अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे."

मी आत गेले.

"अशील आलंय. आणि तो निकाल तुमचा बरोबर होता."

"मला माहीत होतं," हे म्हणाले आणि बूट चढवू लागले.