गालातली चांदी

अथेन्सच्या बाजारात सुटी चांदी गालात धरून हिंडण्याची आमची रीत जुनी आहे. थैली कापली जाते, गाल कुणी कापत नाही. त्या सकाळी मात्र डेमियास गालातल्या एकाच नाण्याने बेचैन होता. नाण्यावरच्या घुबडाच्या पंखापाशी चांदीचा मुलामा झिजला होता आणि तिथून तांब्याची कडवट चव जिभेवर उतरत होती. नाणे खोटे आहे, हे त्याला कळून चुकले होते. तरीही लेकीच्या लग्नाचे हार घेताना त्याने तेच मिर्तिया माळणीच्या हातावर ठेवले.

"दाराचा हार उद्या सकाळी घरी आणून देते, भाऊ," ती म्हणाली. तिने परत दिलेली चिल्लर त्याने गालात सारली.

तेच नाणे घेऊन मिर्तिया शेजारी मिकॉनकडे मासे घ्यायला गेली. मिकॉनने ते फळीवर वाजवले, नाक मुरडले आणि सरकारी पारख्यापुढे टाकले. छिन्नीचा घाव बसताच चांदीच्या पापुद्र्याखाली तांबे लाल दिसले. खोटी नाणी जप्त करून देवीला वाहण्याच्या रिवाजाप्रमाणे पारख्याने ते देवमातेच्या पेटीत टाकले.

"नवरा गेल्यावर हा धंदा काढलास होय, मिर्ते?" मिकॉन म्हणाला.

"तोंड सांभाळ. आत्ताच डेमियासभाऊंनी दिलंय. ते काय समोर उभे आहेत. विचार की त्यांनाच."

"काय हो पंच, तुमचं का हे?"

डेमियास न्यायसभेत बसणारा. त्याच्या शब्दाला वजन होते. त्याने फुगलेल्या गालाकडे बोट दाखवले आणि मान आडवी हलवली.

"बघ. त्यांच्या तोंडात चिल्लर आहे म्हणून वाचलीस, नाहीतर त्यांनी चांगलं सुनावलं असतं तुला," मिकॉन म्हणाला. लोक हसले. "आजपासून हिची चांदी कुणी घेऊ नका रे."

भरल्या तोंडाने तो बोलणार कसा, असे कुणी म्हणेल. हा युक्तिवाद टिकत नाही. चिल्लर तळहातावर काढायला मान हलवण्याहून अधिक वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्तिया हार घेऊन दारात उभी राहिली.

"हिचे पैसे दिलेत ना हो?" डेमियासच्या बायकोने आतून विचारले.

मिर्तिया त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचे तोंड आता रिकामे होते.

"दिले," तो म्हणाला.

तिने हार चौकटीला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि ती निघून गेली. संध्याकाळी वरात त्या हाराखालून निघाली, तेव्हा डेमियासची मान वर होईना. लेक चालली म्हणून बाप खचला, असे सगळ्यांना वाटले.