पुढच्या पोळ्याचं आवतन

दिल्लीत कोणीतरी एका कागदावर सही केली आणि आमच्या पिपरधऱ्यात चंद्रभाननं बैल विकले. मधे फक्त एक मोबाईल होता.

सही कशाची होती ते सांगतो. परदेशातून येणाऱ्या कापसावर अकरा टक्के कर होता, तो काढून टाकला. अमेरिकेनं आपल्या कापडावर कर वाढवला, म्हणून गिरण्यांना रुई स्वस्त पाहिजे झाली. भांडण अमेरिकेचं, अडचण गिरण्यांची, आणि सोलून काढलं कोणाला? आमच्या पऱ्हाटीला. बरं, वेळ तरी पाहा. पोळा तीन दिवसांवर. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, नुकती फुलावर आलेली. ज्या कापसाचं अजून बोंडही धरलं नाही, त्याचा भाव पाडून दिल्लीचे लोक जेवायला मोकळे झाले.

ही बातमी गावात सगळ्यात आधी चंद्रभानला कळली. कळणारच. हा माणूस सकाळी उठून आधी मोबाईलमधे भाव पाहतो आणि मग तोंड धुतो. बातमी आली की त्याच्या अंगात काहीतरी विकायची घाई शिरते. बाहेरचा पिवळा वाटाणा बिनाकराचा आला, तेव्हा त्यानं चणा पोत्यात भरायच्या आधीच देऊन टाकला. मक्यापासून इथेनॉल काढायला लागले, त्याचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात गेला, सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, कोणी विचारेना आणि सोयाबीन पडलं. तेव्हा यानं बकऱ्या विकल्या. मका, कोंबडी, सोयाबीन यांच्यात बकरी कुठून आली, ते त्यालाच माहीत.

या वेळी गोठ्यात विकण्यासारखं उरलं होतं ते पाखऱ्या आणि लखन. गवळाऊ जातीची बैलजोडी, पांढरीशुभ्र, चालीला अशी की मागे चालणाऱ्याला धाप लागावी. चंद्रभानची बायको मंदाबाई त्यांना वासरं असल्यापासून वाढवत आली. नांगरालाही पहिल्यांदा तिनंच जुंपलं.

चंद्रभान जाम गावच्या चौरस्त्यावर चहा प्यायला गेला आणि तिथे त्याला श्रावण भेटला. श्रावण बैलांची दलाली करतो. गोड बोलतो, पांढरा शर्ट घालतो, आणि त्याची आत्या यशोदाबाई आमच्याच गावात राहते म्हणून सगळ्या गावाला काका-काकू म्हणतो.

"काकाजी, आयकलं का? बाहेरचा कापूस येऊन राह्यला."

"वाचलं बापा."

"कापूस पडला का बैल पडते. दिवाळीले कोनी जोडी पुसनार नाई. तुमाले म्हनून सांगतो, दुसऱ्याले सांगत नाई."

श्रावण हे त्या दिवशी सकाळपासून पाच जणांना सांगून आला होता. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोघांच्या हातांवर टाकला. आमच्याकडे बैलाचा सौदा असाच होतो, तोंडानं भाव बोलायचा नाही, दुपट्ट्याखाली बोटं धरायची. श्रावणनं बोटं धरली, चंद्रभाननं दोन वाढवली, श्रावणनं एक मोडलं, आणि झालं. लाखाच्या वरची जोडी पंचाहत्तर हजारात गेली. चंद्रभाननं बयाना, म्हणजे इसार, घेतला. जोडी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायची. पोळ्याआधी गोठा रिकामा करायचा नसतो, एवढं भान दोघांनाही होतं.

घरी येऊन चंद्रभाननं बातमी सांगितली. मंदाबाई भाकर थापत होती. थापायची थांबली नाही.

"कापूस पडला, मंग कापूस विकाचा. बैल काऊन विकले?"

"कापूस आहे का आता विकाले?"

"म्हनून बैल!"

"तुले नाई समजत. त्याले मार्केट म्हनतात."

"मले येवढं समजते का तुमी आज वावरात गेलते का? नाई. आठ दिवसांत गेलते का? नाई. मोबाईलमदी पानी दिसते का, किती पडलं ते?"

पाणी खूप पडलं होतं. काळी जमीन, लोण्यासारखी झालेली. तण पऱ्हाटीच्या कमरेपर्यंत. सारं गाव तण काढायचे बैलाचे डवरे धरून वाट पाहत होतं की दोन दिवस उघाड मिळाली की आत शिरू. चंद्रभाननं हे पाहिलं नव्हतं. अमेरिका पाहिली होती, बांध पाहिला नव्हता.

भाकर तव्यावर होती तोच यशोदाबाई दारात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"मंदा, तुही जोडी दे व दोन दिवस. डवऱ्यासाठी ते लहान ट्रॅक्टर बोलावलं होतं, ते फसलं माह्या वावरात. त्याले काढाले दुसरं आनलं, तेही फसलं. आता दोन्ही एकमेकांकडे पाहून राह्यले."

मंदाबाई हसली. मग चंद्रभानकडे पाहिलं. हसणं गेलं.

"जोडी तुह्या भाच्यानं घेतली बाई, आता ते आमची नाई. बयाना देऊन."

"श्रावननं?" यशोदाबाईनं कपाळाला हात लावला, तिथेही चिखल लागला. "अव माय! काल त्याले म्यांच त सांगितलं, का ट्रॅक्टर चालून नाई राह्यले, बैलाबिगर काम नाई. चार गावं जोडीसाठी फिरून राह्यली म्हनलं."

चंद्रभान खाली बसला. मांडी न घालता, एकदम. ज्या वेळी तो बैल पडणार म्हणून विकत होता, त्याच वेळी आजूबाजूच्या चार गावांत बैल चढत होते. कापसाचा भाव दिल्लीत ठरतो, पण बैलाचा भाव चिखलात ठरतो, आणि चिखल तर त्याच्या दाराशी होता. श्रावणला दोन्ही माहीत होतं. त्यानं चंद्रभानला अर्धंच सांगितलं.

त्यानं लगेच श्रावणला फोन लावला.

"जबान म्हनजे जबान, काकाजी," श्रावण म्हणाला. "दुपट्ट्याखालची. म्यां पुढं शब्द दिला. तुमच्यासारक्या मानसानं पलटी नाई माराची."

फोन ठेवला. चंद्रभान उतावळा आहे, लबाड नाही. शब्द दिला म्हणजे दिला, हे त्यालाही मान्य. त्या रात्री तो जेवला नाही. मंदाबाई जेवली. उपाशी राहून बैल परत येत नाहीत, असं तिचं साधं म्हणणं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू घासतं, त्या जागेला तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि हात जोडून म्हणतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. म्हणजे घरच्याच बैलाला पाहुण्यासारखं जेवणाचं आमंत्रण. आवतन दिलेला पाहुणा उपाशी परत जात नाही आणि दुसऱ्याच्या पंगतीला पाठवला जात नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलं असतं तर आतापर्यंत कोणीतरी सही करून रद्द केलं असतं.

चंद्रभाननं तूप चोळलं. लखननं मान त्याच्या छातीला घासली. चंद्रभान तूपच चोळत राहिला. आवतन घरधन्यानं द्यायचं असतं. शेजारचे नानाजी भिंतीवरून पाहत होते. पोळ्याचं तोरण बांधायचा-सोडायचा मान त्यांचा, गावात चुकीला माफी न देणारा म्हातारा.

"बोल बापा," नानाजी म्हणाले. "बैल उभे हायेत."

चंद्रभाननं पुन्हा तुपात बोटं बुडवली. तेव्हा मंदाबाई पुढे झाली, पदर खोचला, पाखऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत म्हणाली:

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् पुढच्या पोळ्याचंही आवतन आत्ताच घ्या. याच दारात, याच घरी, माह्या हातची पुरनपोळी."

नानाजींनी भिंतीवरचे हात काढले.

"मंदा! काय बोलली तू?"

"जे आयकलं तेच, नानाजी."

"पुढच्या सालचं आवतन? देलं?"

"देलं. पाखऱ्यानं मानही हालवली. तुमी साक्षीला."

नानाजींनी थोडा विचार केला. ऐंशी वर्षांत त्यांनी असं ऐकलं नव्हतं. पण नाही म्हणायला त्यांना काही आधारही सापडेना. "देलं त देलं," ते म्हणाले आणि काठी टेकत सगळ्या गावाला सांगायला निघाले.

दुसऱ्या दिवशी उघाड पडली. दुपारनंतर सारे बैल तोरणाखाली आले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. पाखऱ्या-लखन तर नवरदेवासारखे. श्रावणही आला होता, पांढऱ्या शर्टात. सोबत एक गिऱ्हाईक. जोडी त्यानं पुढे विकूनही टाकली होती, दाखवायला आणलं होतं.

मग झडत्या सुरू झाल्या. तोरण सुटायच्या आधी बैलवाल्यांनी एकमेकांना, सावकाराला, सरकारला, कोणालाही यमकात झोडपायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशी कोणी रागावत नाही. रागावलं तर त्याच्यावर दुसरी झडती. चंद्रभानची पाळी आली. झडती मंदाबाईनं करून दिली होती आणि सकाळपासून तीनदा पाठ करून घेतली होती. त्यानं घसा खाकरला आणि ओरडला:

"पऱ्हाटी आमची काळ्या रानात,
भाव तिचा दिल्लीच्या कानात,
बाहेरची गठान आली जहाजात,
अन् येडा चंद्रभान गेला बजारात!
हर बोला, हर हर महादेव!"

गाव पोट धरून हसलं. स्वतःवरच झडती म्हणणारा माणूस आम्ही पहिल्यांदा पाहिला. चंद्रभानही हसला. सौदा झाल्यापासून पहिल्यांदा.

तोरण सुटलं, तेव्हा नानाजींनी काठी वर केली. "थांबा गा. एक गोष्ट सांगाची आहे. चंद्रभानची जोडी श्रावननं घेतली. घेऊ दे. पन या बैलांना पुढच्या पोळ्याचं आवतन देलं गेलं आहे. म्यां आयकलं. म्हनून जो कोनी जोडी नेईन, त्यानं पुढच्या पोळ्याले तिले याच दारात जेवाले आनाचं. नाई आनलं त आवतन मोडलं."

श्रावणचं गिऱ्हाईक लांबच्या गावचं. त्यानं दोन्ही बैलांकडे पाहिलं, नानाजींकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"मले नाई पाहिजे बापा असे आवतनाचे बैल."

"अरे, असं कुठं असते का!" श्रावण ओरडला. "कोन्या कायद्यात बसते हे?"

"दिल्लीचा कायदा एका रात्रीतून फिरते," मंदाबाई म्हणाली. "आमचं आवतन फिरत नाई."

"काकू, धंदा आहे माहा!"

"धंदा कर ना. म्यां कुठं नाई म्हनलं? मोठ्या खुशीनं ने जोडी. फक्त पुढच्या पोळ्याले जेवाले घेऊन येजो."

मग यशोदाबाई गर्दीतून पुढे आली. तिच्या लुगड्यावरची चिखलाची रेघ अजून गेली नव्हती.

"अबे श्रावन्या, तुह्या आत्याच्या वावरात दोन ट्रॅक्टर फसले आहेत. तनात पऱ्हाटी दिसून नाई राह्यली. माह्या तोंडून आयकून तू या भोळ्या मानसाची जोडी सस्त्यात घेतली? तन काय तू दातानं उपटनार?"

"बयाना वापस घे, श्रावन," मागून कोणीतरी म्हणालं. "नाई त आता तुह्यावर झडती येते पाय."

आणि आलीही असती. दोघं-तिघं यमक जुळवत होतेच. श्रावण शहाणा माणूस. झडती लागली तर ती जामच्या चौरस्त्यापर्यंत पोचते आणि वर्षभर पुसत नाही, हे त्याला पक्कं माहीत. त्यानं हात वर केले.

"बरं बापा! द्या माहा बयाना."

"असा नाई," मंदाबाई म्हणाली. "बैल आता दारोदार जातीन, ओवाळून घेतीन. तू माह्या दारात ये, बैलाच्या पाया पड, बोजारा टाक, पुरनपोळी खाय, अन् मंग बयाना घेऊन जाय."

श्रावणनं बोजारा टाकला. पोळ्याच्या दिवशी बैलाला द्यायची ओवाळणी ती. चार पुरणपोळ्या खाल्ल्या, पाचवी मागितली. हात धुता धुता चंद्रभानच्या जवळ सरकला.

"काकाजी, एक इचारू? माह्याही वावरात तन लई झालं. उद्या-परवा जोडी मिळन का डवऱ्याले? भाड्यानं."

चंद्रभाननं तोंड उघडलं. नेहमीसारखा तो अर्धा भाव सांगून मोकळा होणार होता. मग त्यानं मंदाबाईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"आधी यशोदाबाईचं," मंदाबाई म्हणाली. "मंग आमचं. मंग तुहं. रोख."

"भाडं थोडं कमी करा काकू. कापूस पडून राह्यला."

"कापूस पडला, बैल नाई पडले. तूच पाय ना, कसे उभे आहेत."

पुढचे दिवस जोडी चार गावांत फिरली. यशोदाबाईच्या वावरातून ते दोन ट्रॅक्टर बाहेर काढले, तेही पाखऱ्या-लखननंच. गावानं टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरवाल्यांनीही वाजवल्या, दुसरं काय करणार.

मी असं म्हणत नाही की सगळं चांगलं झालं. कापसाला त्या साली हमीभावाच्या खाली मागणी होती, आणि ज्यानं सही केली त्याच्या पायाला चिखल लागला नाही. हे लिहिताना माझं डोकं आजही तापतं. पण जोडी गोठ्यात आहे.

पोळ्यानंतर आठवडाभरानं पुन्हा बातमी आली. बाहेरच्या कापसाची सूट डिसेंबरपर्यंत वाढवली. चंद्रभान ती वाचत उठला, खुंटीवरचा दुपट्टा घेतला, आणि मंदाबाई दारात आडवी आली.

"कुठं चालले?"

"वावरात," तो म्हणाला. "पाहून येतो, ओल किती आहे."

मोबाईल त्यानं घरीच ठेवला. मंदाबाईनं तो उचलला आणि ढेपेच्या पोत्यात खोल खुपसला. संध्याकाळपर्यंत तिथून वाजत होता. लखननं एकदा हुंगला आणि बाजूची ढेप खाल्ली.