क्विंतेलाचा ओळंबा

मित्रांनो, गवंड्याच्या खिशातून दोरी लोंबताना तुम्ही कधी पाहिली असेल, तर त्या दोरीच्या टोकाशी माझाच कुणीतरी भाऊबंद होता. मी ओळंबा. जुना, पितळेचा, भोवऱ्यासारखा टोकदार. सरळ रेषा दाखवणं हा माझा धंदा. बोलणं मात्र मला तितकं सरळ जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

आमच्या स्पेनमधल्या गॅलिसियाच्या डोंगरात पितळेची प्रत्येक वस्तू म्हणते की मी चर्चच्या फुटक्या घंटेतून घडले. गायीच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं आहे. टिचकी मारून बघा, मंगळवार असला तरी रविवारसारखा वाजतो. फ्लोरिंदा क्विंतेला नावाच्या बाईनं डुकराचं एक गुबगुबीत पिल्लू देऊन मला ओताऱ्याकडून घेतलं आणि परदेशी निघालेल्या आपल्या लेकाच्या, एलादिओच्या हातात ठेवलं. म्हणाली, "पोरा, तिकडची भाषा तुला येत नाही. काही बिघडत नाही. याला एकच भाषा येते, आणि ती सगळीकडे चालते."

तसंच झालं. खाली म्हणजे खाली. जर्मनीत काय नि आमच्याकडे काय.

आमच्याकडे माणसाच्या नावापुढे आधी बापाचं आडनाव लागतं, मग आईचं. एलादिओ औतेइराल क्विंतेला. जर्मन लोकांच्या लेखी जे शेवटी येतं तेच आडनाव. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुकादम ह्युबनरनं त्याला 'क्विंतेला' करून टाकलं. पगार क्विंतेलाचा, टोपीवर नाव क्विंतेलाचं, शिव्याही क्विंतेलाला. "क्विंतेला, गाढवा, हात आहेत की पाय?" असा तो परांचीखालून ओरडायचा, आणि गोठलेली वाळू मोकळी व्हायची. एलादिओनं ते नाव कधी दुरुस्त करून घेतलं नाही. परक्या धुक्यात दिवसभर कुणी आपल्या आईच्या नावानं हाक मारत असेल, तर मित्रांनो, कोण दुरुस्त करील?

पुढे आम्ही स्वित्झर्लंडला गेलो, धरणाच्या कामावर. ती भिंत इतकी उंच की मला सोमवारी खाली सोडलं तर मी गुरुवारी तळाला पोचायचो. वाटेत दोन ढगांची ओळख झाली. तिथला हिशेबनीस इटलीचा होता, त्यानं आडनाव बरोबर औतेइराल लिहिलं. मी दाखवलेली रेषा पाहून तिथला मोठा साहेब टोपी काढायचा. त्याला घाम आला असेल, असं एलादिओ म्हणतो. म्हणू दे.

मग आम्ही गावी परतलो. एर्मितासशी लग्न झालं. कामं भरपूर होती, पण बरीचशी तोंडाच्या बोलीवर. सरकारदरबारी नोंद झाली ती थोड्याच वर्षांची. आणि एक दिवस भिंतीवर सरळ रेषा दाखवायला लाल किरण फेकणारं एक डबडं घरात आलं. मला कुणी हाकललं नाही. एर्मितासनं मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बांधलं, वजन म्हणून, दार आपोआप लागावं यासाठी. धरणं सरळ केलेला मी, कोंबड्या आत घालू लागलो.

एलादिओचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी तो परांचीवर चढतच होता. एकदा पाय घसरून तो अर्ध्यावर लटकला, तेव्हा एर्मितासचा धीर सुटला.

"पेन्शन माग. नाहीतर मला विधवेचे काळे कपडे शिवायला टाकू दे."

"कसलं पेन्शन? थोडं इथे, थोडं तिथे. तिकडची वर्षं तिकडेच राहिली. शेत सोडून आल्यावर पीक कुणी घरपोच आणून देतं का?"

"विचारायला तुझी जीभ झिजते का?"

शेवटी ती त्याला ओरेन्से शहराला घेऊन गेली. परदेशातून परतलेल्यांना मदत करणारी एक संस्था तिथे आहे. तिथल्या बासिलिसाबाईंनी काय सांगितलं, ते एर्मितास पुढे आठवडाभर कोंबड्यांना समजावत होती, म्हणून मला ठाऊक.

बासिलिसाबाई म्हणाल्या, "एलादिओकाका, तुम्ही गवंडी ना? मग ही एक भिंत समजा. तीन देशांत तीन थर घातलेत तुम्ही. उंची मोजताना भिंत एकच, सगळी वर्षं एकावर एक धरायची. पेन्शन देताना मात्र ज्याच्याकडे जो थर, त्यानं त्या थरापुरतं द्यायचं. अर्ज इथेच करायचा. जर्मनीला नि स्वित्झर्लंडला आपलं पेन्शन कार्यालयच विचारतं."

अर्ज गेला. स्वित्झर्लंडनं आपला थर मान्य केला. जर्मनीनं कळवलं की एलादिओ औतेइराल नावाचा कुणी माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. त्यात आमच्याकडे पेन्शनला पंधरा वर्षं भरावी लागतात, आणि जर्मनीवाचून भिंत नेमकी दोन वर्षांनी बुटकी.

"बघ," एलादिओ म्हणाला, "मी नव्हतोच म्हणे! मग त्या भिंती काय भुतानं बांधल्या?" आणि शेजाऱ्याच्या गोठ्याचं काम धरून पुन्हा शिडी काढली. लाल डबडं नेमकं त्या दिवशी बंद पडलं, म्हणून खुराड्यावरून मला सोडवलं.

मित्रांनो, माझी अवस्था ओळखा. मला सगळं माहीत होतं. ती हाक मी वर्षानुवर्षं ऐकली होती. पण ओळंब्याला तोंड नसतं, नुसतं टोक असतं.

एलादिओ शिडीपाशी उभा राहून मला दोरी ओवत होता. एर्मितास शिडी धरून आडवी उभी होती, चढू देईना. तेवढ्यात मी निसटलो आणि थेट त्याच्या अंगठ्यावर पडलो. लोक म्हणतात, गाठ सैल होती. गाठ सैल नव्हती.

एका पायावर नाचत एलादिओ स्वतःवरच गरजला, हुबेहूब ह्युबनरच्या आवाजात, "क्विंतेला, गाढवा, हात आहेत की पाय?"

एर्मितासनं शिडी सोडली. "हा क्विंतेला कोण?"

"मीच की."

"तू औतेइराल."

"इथे. जर्मनीत मी सात वर्षं क्विंतेला होतो. आईचं नाव लावलं होतं त्यांनी."

ती पालथ्या बादलीवर बसली. "आणि हे तू बासिलिसाबाईंना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"तो मुकादम तुला काय म्हणायचा? गाढव? जाणता माणूस होता हो!"

दुसऱ्याच दिवशी सुजलेला अंगठा घेऊन दोघं ओरेन्सेला गेली. बासिलिसाबाईंनी आधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी, काका. अर्धं गॅलिसिया तिकडे आईच्या नावानं राबलंय. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." जर्मनीला नव्यानं विचारणा झाली. आणि सापडला की क्विंतेला! जसाच्या तसा, सातही वर्षांचा, त्यांनी नीट जपून ठेवलेला. त्या अनोळखी जर्मन कारकुनाचे मी आजही आभार मानतो.

भिंत पुरी झाली. तीन देशांतून तीन वाटे येऊ लागले. लहानमोठे असतील, पण एलादिओ शिडीवरून उतरला तो उतरलाच.

नाही, एकदा मात्र चढला, दोनच पायऱ्या. सर्व संतांच्या दिवशी आम्ही सगळे फुलं घेऊन दफनभूमीत गेलो होतो. फ्लोरिंदाच्या थडग्यावरचा उंच क्रूस एका अंगाला कलला होता. एलादिओनं मला वरून सोडलं. मी जरा झुललो, मग थांबलो. तो पाचर ठोकत गेला. हळूहळू दगडाची कड आणि माझी दोरी एक झाली.

"आई," तो म्हणाला, "तू मला अजून पोसतेस."

घरी आल्यावर एर्मितासनं मला राख लावून घासलं, तेलाचा हात फिरवला आणि चुलीवरच्या खिळ्याला टांगलं. खुराड्याच्या दाराला आता ते लाल डबडं बांधलंय.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, पोटासाठी कुठे कुठे जाल. जिथे घाम गाळाल तिथे कुठल्या नावानं गाळला, ते घरच्यांना सांगून ठेवा. घाम वाया जात नाही, फक्त त्याला हाक बरोबर मारावी लागते. आणि जुनी हत्यारं फेकू नका. कुणी सांगावं, एखादं नेमक्या वेळी अंगठ्यावर पडेल.