मला बादलीने न्हाऊ घातलं

मी सोफा बोलतोय. करड्या कापडाचा, तीन जण बसतील एवढा. नवा होतो तेव्हा लोक हात फिरवून 'काय मऊ आहे!' म्हणायचे. आता मला त्या हातांचीच शिसारी येते.

माझ्या फटींत काय काय आहे, ऐका. कापलेली नखं, बिस्किटांचा चुरा, चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. नाकातली बोटं पुसायला माझा हात हाच घरातला रुमाल. एवढं करून हे लोक स्वतःला टापटीप म्हणवतात!

तेही सोसलं. पण तीन आठवड्यांपूर्वी घरातल्या मुलाने, चांगल्या चाळिशीतल्या बाप्याने, माझ्यावर मगभर कॉफी सांडली. संध्याकाळी साहेब येणार होते. पठ्ठ्याने दोन बादल्या साबणाचं पाणी माझ्यावर ओतलं, वरवर पुसलं आणि चादर टाकून मोकळा झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आतलं पाणी वाळलंच नाही. मी कुजलो, घरभर कुबट वास सुटला. मलाच माझी किळस यायला लागली.

"बाबांचं वय झालंय," मुलगा बायकोला म्हणाला. "कळत नसेल त्यांना." म्हातारे बाबा माझ्या डाव्या कोपऱ्यात दुपारी डुलकी काढायचे. त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले. दिवसातून चारदा धोतर बदलू लागले, स्वतःचाच वास घेऊन पाहू लागले. आणि मुलगा? बिनधास्त ऑफिसला जात राहिला!

शेवटी सुनेने सोफा साफ करणाऱ्या बाईंना बोलावलं.

"बादली कुठेय तुमची?" सुनेने विचारलं.

"वाटीभर पाणी पुरे, ताई. सोफा आहे, म्हैस नाही!"

त्यांनी आधी व्हॅक्यूमने कोरडी घाण ओढली. मग गादीची चेन उघडून आतला फोम दाबला. काळपट पाणी गळलं.

"वास याचा आहे. कुणी ओतलं एवढं पाणी?"

"आमच्या बाबांमुळे नाही?"

"छे! ही ओल कुजलीय. यात साबण आहे."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाइलमध्ये पाहत राहिला.

बाईंनी सडलेला फोम फेकायला काढला, नवा घातला. स्पंजवर नुसता फेस घेऊन कापडावर फिरवला, मऊ ब्रशने घासला, कोरड्या फडक्याने मळासकट टिपून घेतला. पंखा लावला. दोन तासांत मी खडखडीत वाळलो.

"बाबा, या ना, बसा इथे," सून म्हणाली.

"नको गं. मी आपला इथेच बरा."

मुलगा मात्र लगेच येऊन पसरला. "चला, सुटलो एकदाचे!"

अरे, ऊठ! माझ्या अंगावरून आधी ऊठ. दहा पावलांवर तुझे वडील बसलेत. त्यांच्यासमोर जा, 'पाणी मी ओतलं होतं' एवढं सांग. मग ये, नि बस खुशाल.