आधी कट्, मग खूण

कॉलेजनं सहा आठवडे बसच्या वर्कशॉपमध्ये काम शिकायला धाडलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "शेपूट घालून परत येऊ नकोस." नाही आले. आज शेवटचा दिवस. काम पूर्ण केल्याचा, सही केलेला माझा फॉर्म मला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या खिशात होता. तो मिळाला नाही, तर वर्ष वाया.

इथली रीत साधी. चाकाचा नट पान्यानं आवळायचा. पुरेसा बसला की पाना 'कट्' वाजतो. मग त्या नटावर पिवळ्या रंगाची खूण. आधी कट्, मग खूण. पण मी पडले दीडशहाणी! ब्रश हातात आहेच म्हणून चाकाच्या दहाही नटांना आधीच रंग फासला. आवळायला घेतले, तेवढ्यात काकांनी पलीकडे बोलावलं. परत येते तर काय, पिवळे नट बघून त्यांनी बस पास करून टाकलेली.

मी किती नट आवळले होते? सात? दहा? काही केल्या आठवेना. बस समोरच्या स्टँडवर लागली, माणसांनी भरली आणि ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

"मूग गिळून गप्प बस," माझ्याच वर्गातला जोडीदार पुटपुटला. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पाचावर धारण बसली होती माझी. तरी धावले आणि बससमोर उभी राहिले.

"मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"काका, खूण आधी केली मी," मी मागून धावत आलेल्या मिस्त्रीकाकांना म्हणाले. "पुढचं डावं चाक. सगळे नट आवळलेत की नाही, माहीत नाही."

काका चाकापाशी आले. पाना घेऊन वाकले. कट्. कट्. सात वेळा कट्.

"झालं समाधान?" ड्रायव्हर खेकसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवा वाजला नाही, फिरतच राहिला. नववाही. दहावा काकांनी नुसत्या बोटांनी फिरवला.

ड्रायव्हरनं मागे वळून माणसांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"पास मी केली होती," तिन्ही नट आवळून काका त्याला म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोल."

मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला. आता फाडणार, असंच वाटलं मला. शेऱ्याच्या रकान्यात 'हुशार मुलगी' असं लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं आणि खाली लिहिलं, 'चुकली. बस स्वतः थांबवली.'