दहा टनांचं उत्तर

चुन्याने पांढरं झालेलं बोट भट्टीवाल्याने मुलीच्या कागदावर टेकवलं.

"उत्तर चुकलंय तुझं."

मुलगी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. चाचणीसाठी तिने या वेळी घरचंच गणित घातलं होतं: दहा टन शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, तर कळीचा चुना किती मिळेल? शेजारी उत्तर होतं, पाच पूर्णांक सहा दशांश टन.

"सव्वासहा लिही. तीस वर्षं भट्टी काय हवेवर चालवली मी?"

"बाबा, शंभर किलो दगडातले चव्वेचाळीस किलो वायू होऊन उडून जातात. उरतात छप्पन्न. त्याच हिशेबाने दहा टनांचे पाच पूर्णांक सहा. जास्त येऊच शकत नाहीत."

"माझे येतात."

"मग त्यात दगड राहतोय." तिने कागदाच्या कोपऱ्यात आकडेमोड केली. "दहातला जवळजवळ दीड टन कच्चाच."

भट्टीवाला खुर्चीत बसला. पाच पूर्णांक सहा हा आकडा त्याच्या ओळखीचा होता, आणि ओळख काही चांगली नव्हती.

भट्टी आधी दोघा भावांची; हा थोरला. खाण एक, दगड एक, पाळ्या तेवढ्या वेगळ्या. दहा टन दगडामागे थोरल्याच्या पाळीला सव्वासहा टन भरायचे, धाकट्याच्या पाळीला साडेपाचाच्या जरासे वर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांसारखंच आकड्यांनाही लागू पडतं. गवंडी चाळणीत राहिलेले खडे आणून दाखवायचे, तेव्हा थोरला खाणीला नावं ठेवायचा. पण धाकट्याच्या वजनात कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आठ वर्षांपूर्वी चार कामगारांसमोर तो म्हणाला होता, "अख्ख्या गावाला चुना विकतो आपण, आणि तू मलाच चुना लावलास?"

धाकट्याने हातातलं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "मी नीट भाजतो, दादा," एवढंच बोलून तो गेला, तो परत आला नाही.

भट्टीवाला उठला. सकाळच्या मालातला एक मोठा तुकडा आणून त्याने पाण्याच्या बादलीत सोडला. पाणी फसफसलं, उकळलं, तुकडा फुलून विरत गेला. सगळं निवल्यावर त्याने काठीने ढवळलं. काठी खट्कन कशाला तरी लागली. तळाशी मुठीएवढा करडा दगड होता, खाणीतून आला तसाच.

तो दगड तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. त्याला फार लाज वाटली.

"काकाचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. लावू?"

घंटी वाजत होती तोवर त्याने माफीची दोन वाक्यं जुळवली. पण तोंडातून निघालं भलतंच.

"धाकल्या, आच किती तास ठेवायचास रे तू?"



"तास नाही मोजायचो, दादा. तुकडा फोडून बघायचो."

"मी नाही बघितला." भट्टीवाल्याने हातातला दगड खाली ठेवला. "तुझं वजन बरोबर होतं. चुकलो मी."

मुलीने कागद उचलला, बोटाचा पांढरा ठसा पुसायला गेली आणि तसाच राहू दिला.

"पुढची भट्टी कधी भरतोयस?" धाकट्याने विचारलं.