रिकामे म्हणून दिलेले पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. हे ऐकून तुमच्यापैकी कुणी दोन पावले मागे सरला असेल, तर तो शहाणा आहे. मला त्याचा राग नाही.

मी कारखान्यात घडलो, पण माझे आयुष्य गेले अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ऑरव्हिल ट्वेट यांच्या कमरेला. वसंतात गाई व्यायल्या की डोंगरातली अस्वले कुरणात उतरत. तेव्हा ऑरव्हिलकाका माझ्या भरवशावर हिंडत. मला तेल देत, फडक्याने पुसत आणि आल्यागेल्याला सांगत, "यानं मला कधी दगा दिला नाही." ते ऐकून मी फुशारून जाई. पुढे गाई विकल्या गेल्या आणि मी कपाटाच्या खणात मोज्यांखाली जाऊन पडलो. माझी कुणी विचारपूस केली नाही.

मग एका सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याशी कोल्हा आला. काकांनी मला घाईघाईने भरले आणि झाडले. नेम चुकला. पुन्हा झाडले, पुन्हा चुकला. नळीच्या टोकावर नेम धरायला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. काकांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना ती माशीच दिसेना. कोल्हा कोंबडी तोंडात धरून सावकाश निघून गेला.

"जाताना सलाम ठोकला का रे त्यानं तुला?" मार्लिसकाकूंनी पायरीवरून विचारले.

काकांना ते फार झोंबले. चमकत्या ठिपक्याची नवी माशी आजच्या आज बसवून घ्यायची, असे त्यांनी ठरवले आणि रागाच्या भरात मला रिकामे करायला घेतले. तिथेच घात झाला. पिस्तूल रिकामे करताना आधी मुठीतले गोळ्यांचे मॅगझिन काढायचे असते आणि मग वरची स्लाइड मागे ओढायची असते. काकांनी स्लाइड आधी ओढली. एक गोळी टुणकन बाहेर उडाली, ती त्यांनी खिशात टाकली. पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली दुसरी गोळी माझ्या नळीत जाऊन बसली. मॅगझिन त्यानंतर निघाले. गोळी बाहेर पडलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मग शंका कशाला येईल?

"रिकामं आहे," ते म्हणाले आणि मला पिशवीत घालून त्यांनी गाडीत काकूंच्या मांडीवर ठेवले.

मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो! घोडा ताणलेला, नळीत गोळी, आणि माझे तोंड थेट काकूंच्या पोटाकडे. गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळत होती आणि काकू पिशवीवर हात आपटून बोलत होत्या.

"भरवशाचा कारागीर हवा हं. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देऊ नकोस."

"ते मला शिकवतेस?"

पहिला कारागीर स्पर्लॉक. गावात त्याचे नाव मोठे आणि जीभ गोड.

"रिकामं ना?"

"रिकामंच."

एवढ्यावर त्याने मला लोखंडी पकडीत आवळले. माझे तोंड फळ्यांच्या भिंतीकडे होते. भिंतीपलीकडे त्याची बायको कपडे वाळत घालत गुणगुणत होती. स्पर्लॉकने खिळे ठोकायचा हातोडा उचलला. ती बिचारी आपल्या नादात गातच होती.

"थांबा!" काकू ओरडल्या. "कुंपणाचे खांब ठोकताय का? ओरखडे पडतील त्याला."

"बाई, हे पुरुषांचं काम आहे."

"पुरुषांनी सकाळी काय उजेड पाडला, तो पाहून आलेय मी."

काका हसले आणि मला घेऊन निघाले. त्यांना ओरखड्यांची काळजी होती. भिंतीपलीकडच्या बाईची काळजी फक्त मला होती.

दुसरी कारागीर विल्मा कोस्टेलनिक, धान्याच्या कोठारामागे तिचे दुकान. तिने मला हातातही घेतले नाही.

"टेबलावर ठेवा, काका. तोंड त्या वाळूच्या पेटीकडे."

"रिकामं आहे, पोरी."

"असेल. बघते."

"बघते म्हणजे? हयात गेली माझी यात! मी खोटं बोलतोय?"

"नाही हो. माझा सख्खा बाप आला तरी मी उघडून बघते."

"मग राहू दे! दुकान काय एकच आहे?" काकांनी तिरीमिरीत माझ्याकडे हात टाकला. त्यांची बोटे चापाच्या अगदी जवळ आली. आता पुन्हा पिशवी, पुन्हा ती मांडी, असे माझ्या मनात आले. पण विल्माने झटकन माझ्यावर पंजा ठेवला.

"खुशाल जा. पण बघितल्याशिवाय मी हे इथून हलू देणार नाही."

"अरे, बघू दे की तिला," काकू म्हणाल्या. "तुझं काय झिजतंय?"

काका धुसफुसत बाजूला झाले. विल्माने स्लाइड मागे ओढली. गोळी उडून फरशीवर पडली आणि घरंगळत काकूंच्या बुटाला लागली.

काकांनी गोळीकडे पाहिले, मग काकूंच्या हातातल्या पिशवीकडे. ते मटकन स्टुलावर बसले.

"मांडीवर होतं," ते म्हणाले. "सबंध वाटभर तुझ्या मांडीवर होतं गं."

काकूंनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

विल्माने उपदेश केला नाही. गोळी उचलून वाटीत टाकली आणि विचारले, "माशी कुणाच्या डोळ्यांना जुळवू?"

काका म्हणाले, "हिच्या. कोल्ह्याला आता हीच बघून घेईल."

मित्रांनो, माझ्यासारखे काही कुठे पडलेले दिसले तर हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि तो मोठा माणूस "रिकामं आहे" म्हणाला, तर "उघडून दाखवा" म्हणा. त्याला राग येईल. येऊ द्या. राग जेवणाच्या वेळेपर्यंत निवळतो.

त्या संध्याकाळी काकाकाकू समोरासमोर बसून बटाटे खात होते. मीठ जास्त पडले म्हणून काका कुरकुरले, आणि काकूंनी त्यांना चांगले फैलावर घेतले. मी खणात पडून ते भांडण अगदी शेवटपर्यंत ऐकले. इतके गोड मी आजवर काही ऐकले नव्हते.